अर्धशिशीचं औषध थोरलीकडं

डोकं दुखतंय असं आमच्या आईसमोर बोलायची सोय नव्हती. बोललं की ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची आणि उलटतपासणी सुरू. "ठणकतंय का भणभणतंय? कपाळात का टाळूत? वाकल्यावर वाढतंय का? काल काय खाल्लं व्हतंस?" मी धाराशिवला शाळेत शिकवते. आठवडाभर पोरांना प्रश्न विचारून जीव विटलेला असायचा. शनिवारी दुपारच्या एसटीनं येरमाळ्याला उतरून पुढं आमच्या गावी पोचावं, तर दारातच ही आपली प्रश्न घेऊन उभी. मी पर्समधली गोळी काढायची, तांब्यातलं पाणी प्यायची आणि विषय संपवायची. आई म्हणायची, "आली माझी गोळीवाली." रागानं नाही, पण कौतुकानंही नाही.

तिच्या लेखी डोकं दुखणं हा एक आजार नव्हताच. उन्हाचं डोकं वेगळं, पित्ताचं वेगळं, सर्दीचं वेगळं. उन्हाचं असेल तर ती काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची, तूप काळं पडेपर्यंत. काळं पडलं की म्हणायची, "बघ, किती ऊन निघालं." पित्ताचं असेल तर धने भिजवलेलं पाणी, खडीसाखर घालून. सर्दीचं असेल तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला द्यायची आणि सहाणेवर सुंठ उगाळून कपाळभर लेप घालायची. हा लेप वाळायला लागला की कातडं ओढलं जातं, भुवया वर चढतात आणि माणूस उगाचच चकित झालेलं दिसतं. लहानपणी माझी थोरली बहीण आक्का आणि मी एकमेकींच्या कपाळाकडं बघून खुदखुदायचो, की लेप तडकायचा. मग आई आमचा उद्धार करत पुन्हा सुंठ उगाळायला बसायची.

रडून दुखणाऱ्या डोक्याला मात्र तिच्याकडं काही नव्हतं. "त्याला झोप," एवढंच म्हणायची आणि अंगावर वाकळ टाकून दार ओढून घ्यायची.

यातलं शास्त्राला धरून किती, हे मला विचारू नका. लेप वाळेस्तोवर बोलायचं नाही, उठायचं नाही, असा आईचा दंडक होता, आणि त्या निमित्तानं घरातलं बाईमाणूस भरदिवसा आडवं व्हायचं. निम्मा गुण त्या आडवं होण्याचाच असावा, असं माझं मत आहे. हे मत मी आईला एकदा ऐकवलं होतं. ती म्हणाली, "मग गोळी खाऊन उभी का राहतीस? आडवी व्हय की."

पण हे सगळं घरगुती झालं. हे उपाय कुणालाही सांगायचे, कुणीही करायचे. अर्धशिशीचं तसं नव्हतं. अर्धशिशी म्हणजे अर्धं डोकं दुखणं, सूर्य वर चढेल तसं चढणारं आणि उतरेल तसं उतरणारं. त्याचं औषध आईकडं होतं आणि आसपासच्या गावांत ते फक्त तिच्याकडंच होतं. तिला ते तिच्या सासूनं दिलेलं. रविवारी उजाडायच्या आधी आमच्या अंगणात माणसं येऊन बसायची. कुणी कळंबकडून, कुणी बार्शीकडून, कुणी येडशीहून. सगळ्यांच्या डोक्याला फडकी आवळलेली, कुणी एक डोळा मिटलेला. आई आंघोळ करून ओलेत्यानं बांधावर जायची, एक पाला खुडून पदरात झाकून आणायची, तळहातावर चोळायची आणि दुखत्या बाजूच्या उलट्या कानात रस पिळायची. माणसानं उगवतीकडं तोंड करून बसायचं, काही बोलायचं नाही. जाताना "येते" म्हणायचं नाही. म्हटलं की दुखणंही परत येतं.

त्या पाल्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही. माझा विश्वास आहे म्हणून नव्हे. नाव घेतलं की गुण जातो असं आईनं आम्हांला सांगितलं होतं, आणि काही गोष्टी न पटताही पाळल्या जातात. तसं पाहिलं तर ते साधं तण आहे, पांढऱ्या फुलांचं. पावसाळा सरला की बांधाबांधावर माजतं आणि शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. आक्काला आणि मला ते शाळेत जायच्या वयापासून ठाऊक होतं. आईला वाटायचं की आम्हांला ठाऊक नाही. आम्ही तिला तसं वाटू द्यायचो.

कॉलेजात असताना मला स्वतःला अर्धशिशी जडली होती, तेव्हा आईनं माझ्याही कानात तो रस घातला होता. आधी गार वाटतं, मग आतून भाजत जातं आणि दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. गुण आला का? आला असेल. परीक्षा संपल्यावर दुखणंही संपलं, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं हे ठरलं नाही. मला आठवतो तो आईचा डावा हात. तो हनुवटीखाली धरून ती मान स्थिर ठेवायची. एरवी आमच्याकडं कुणी कुणाला हात लावून माया करत नसे.

ह्या औषधाचा एक नियम होता आणि सगळं पुढं घडलं ते त्या नियमामुळं. औषध एकालाच द्यायचं. ज्याला दिलं त्याचं ते झालं. देणाऱ्याचा हात मग कोरा. देणाऱ्यानं पुन्हा तो पाला चोळला तर तो नुसता पाला. आणि ज्याच्याकडं औषध आहे त्याला स्वतःचं डोकं स्वतः बरं करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आईचा हात कापायला लागला. एकाच्या जागी चार थेंब पडायला लागले. तिनं आम्हां दोघींना बोलावून घेतलं. भाऊ आम्हांला नाही आणि वडील आम्ही लहान असतानाच गेलेले. ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून तिनं आक्काच्या पदरात नारळ आणि मूठभर पाला घातला. म्हणाली, "हे आता तुझं. माझं न्हाय." मी चौकटीला टेकून उभी होते. मला का नाही, असं मी विचारलं नव्हतं, तरी ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझा इश्वास न्हाय. तुझ्या हातानं लागायचं न्हाय." मी हसले आणि म्हणाले, बरं झालं, रविवारची झोप वाचली. पण आत कुठंतरी टोचलं ते टोचलंच. आक्काला ते कळलं. एसटीत शेजारी बसल्यावर तिनं नारळाची शेंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "निम्मं तुझं. उजवी बाजू तू बघ, डावी मी बघते." आम्ही धाराशिवपर्यंत हसत होतो. तिथं मी उतरले आणि ती तशीच पुढं गेली.

आक्का लोहाऱ्याला दिलेली. तिच्या दारात रविवारी माणसं बसायला लागली. आमच्या गावी कुणी आलं की आई सांगायची, "औषध थोरलीकडं गेलं. ती लोहाऱ्याला असती." लोक कुरकुरायचे, इतक्या लांब कुठं जायचं म्हणायचे, पण ज्याचं डोकं फुटायची वेळ आलेली असे तो जायचा. जीपमध्ये नुसतं "औषधवाल्या ताईकडं" म्हटलं की जीपवाला आक्काच्या घरापाशी उतरवून द्यायचा. दाजी थट्टेनं म्हणायचे, मला आता गावात कुणी नावानं ओळखत नाही, औषधवाल्या ताईचा मालक म्हणतात.

गेल्या वर्षी थंडीत आक्का गेली. तिचंही डोकंच दुखायला लागलं होतं. अर्धं नाही, सगळं. सुरुवातीला कुणाला न सांगता ती डोक्याला फडकं बांधून काम ओढत राहिली. एका सकाळी तिला उलट्या झाल्या, दिसेनासं झालं. दाजींनी गाडी करून सोलापूरला नेलं. मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. मी पोचले तेव्हा ती नळ्यांमध्ये होती आणि तिनं मला ओळखलं की नाही, ते मला अजून माहीत नाही. दोन-चार दिवसांत संपलं. आक्काच्या या शेवटच्या आजारात आई आधी तिच्या घरी आणि मग दवाखान्यात तिच्याजवळ होती. तिकडून आल्यावर तिनं त्या दिवसांबद्दल एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. एकट्या आईला आणखी काय विचारायचं?

ती रडलीही नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गावातल्या बायका म्हणाल्या, म्हातारीच्या काळजाचा दगड झाला. मला तसं वाटत नव्हतं. ती शेळीला पाला टाकायची, ज्वारी निवडायची, माझ्यासाठी धपाटी करून ठेवायची. फक्त माझं डोकं दुखलं तर आता काही विचारायची नाही. मी गोळी काढली की तांब्या पुढं सरकवायची. तिच्या त्या प्रश्नांचा मला इतका कंटाळा यायचा, आणि आता ते नव्हते तर घर खायला उठायचं.

यंदा दिवाळीनंतर दाजींचा फोन आला. आधी त्यांनी माझी, शाळेची चौकशी केली. दाजी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस आहे, त्यामुळं काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. मग म्हणाले, "बाई, एक इनंती हाय. तुमच्या आईला सांगा, माणसं पाठवू नका म्हणावं."

"कसली माणसं?"

"औषधाला. आजूबाजूच्यांना ठावं हाय, ती येत न्हाईत. लांबची येत्यात. कुणी सांगितलं म्हणून इचारलं की म्हणत्यात, येरमाळ्याकडच्या आजीनं सांगितलं. काल एक म्हातारा आला, सुनेला घेऊन. दोन गाड्या बदलून आला बिचारा. दारात उभा राहून म्हणला, औषधवाल्या ताईला बोलवा. आता कुठनं बोलवू म्या?"

मग ते रडायला लागले. मी सांगते आईला, एवढं म्हणून फोन ठेवला.

तो आठवडा मी शाळेत काय शिकवलं, देव जाणे. आई खुळी झाली नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. वर्षश्राद्ध कधी येतं, हे तिनंच मला मोजून सांगितलं होतं. तिच्या तोंडून मात्र "थोरली गेली" हे शब्द मी एकदाही ऐकले नव्हते. आता ते वदवून घ्यायचं काम माझ्यावर आलं होतं, आणि सांगायचं तर मला ते नको होतं. आईला जितं ठेवणारी तीच एक गाठ असेल आणि ती मी सोडली तर? पण दाजींच्या दारात दर रविवारी कुणीतरी येऊन आक्काला हाका मारायच्या, हेही चालणार नव्हतं.

शनिवारी गेले. दिवेलागणीला आई उंबऱ्याशी सूप घेऊन ज्वारीतले खडे काढत होती. मी शेजारी बसले आणि आडवळण न घेता विचारलं, "आई, लोकांना लोहाऱ्याला का पाठवतीस?"

"मग कुठं पाठवू? औषध तिच्याकडं हाय."

"आक्का नाहीये आता."

आईनं एक खडा काढून बाहेर टाकला. "औषध हाय की तिच्याकडं. तिनं मला परत दिलंय व्हय?"

मी चिडले. माझा स्वभाव तापट आहे, आणि रडू येतं तेव्हा तो आणखी तापतो. म्हणाले, "मेलेलं माणूस काय परत देणार आहे, आई? काय बोलतीस तू?"

तिनं सूप खाली ठेवलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. "दारात कुणी आलं तर दार लावून घ्या म्हणावं जावयास्नी," ती म्हणाली.

"दाजी रडत होते फोनवर. म्हणाले, तिला कुठून बोलावू?"

आईचा हात सुपात थांबला. मग ती उठून शेळी बांधायला गेली आणि परत आली ती सरळ चुलीपाशी. जेवणं उरकली. मी स्वतःला शिव्या देत झोपले.

सकाळी मोटारसायकलच्या आवाजानं जाग आली. रविवार म्हणजे औषधाचा दिवस, हे माझ्या लक्षातच नव्हतं. उन्हं नुकतीच अंगणात आली होती. भूमकडच्या कुठल्याशा खेड्यातली एक बाई, तिशी-पस्तिशीची, डोक्याला ओढणी करकचून आवळलेली. नवरा गाडी लावून फाटकाशीच उभा राहिला. ती अंगणात येऊन आईला म्हणाली, "मावशी, अर्धशिशीचं औषध तुमच्याकडंच मिळतं ना? पार बार्शीपातूर दाखवलं. डोक्याचा फोटो काढला, डोळं तपासलं. काय बी निघंना. पण दुखायचं काय थांबंना."

मी आत स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. हात पुसून दाराशी येऊन उभी राहिले. आई लोहारा म्हणाली की मध्ये बोलायचं, असं मनाशी धरलं होतं.

"औषध माझ्या थोरलीकडं..." आई म्हणाली आणि थांबली. पदरानं तोंड पुसलं. पुन्हा सुरुवात केली. "माझी थोरली देत व्हती. ती न्हाय आता. गेली ती."

"अगं बाई," ती बाई म्हणाली आणि खाली बसली. "कशानं ओ?"

कशानं, हे इतक्या दिवसांत आईला कुणीच विचारलं नव्हतं. गावाला माहीत होतं म्हणून गावानं विचारलं नाही आणि मी तर तिची लेकच. ही कुठली कोण बाई, स्वतःचं डोकं धरून आलेली, तिनं विचारलं. आणि आई सांगायला लागली.

"डोस्कंच दुखत व्हतं तिचं," आई म्हणाली. "मला फोन केला, आई, ये म्हणून. तशी कधी म्हणायची न्हाय ती. म्या गेले. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग करत सांजच्याला पोचले. फडकं बांधून पडली व्हती. सुंठ लावली, एरंडाचं पान शेकून बांधलं, पाय दाबलं. काय बी फरक पडंना. मग मला म्हणली, आई, रस घाल. म्या म्हणले, येडी का काय तू, म्या तुला दिलंय, माझा हात कोरा झालाय, लागायचा न्हाय. तुझंच तुला बी चालायचं न्हाय. ती म्हणली, न लागू दे. तू घाल तरी."

मी दाराची कडी धरली.

"घाल तरी म्हणली. दोनदा म्हणली. परसातच व्हता पाला, म्या येताना बघितला व्हता. न्हाय घातला म्या. म्हणले, नेम मोडू न्हाय, औषध बाटतं, लोकांचं वाटोळं व्हतं. तिला म्हणले, झोप. ती भिंतीकडं तोंड करून पडली. सकाळच्याला उलट्या सुरू झाल्या. मग काय दवाखानाच. डोस्क्यातली शीर फुटली म्हणलं डाक्टर. मग कुठं बोलली ती."

चहा उतू गेला. मला त्याचा वास आला, पण मी जागची हलले नाही. आक्का आईजवळ काय मागत होती, हे मला आजवर माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आई हे एकटीनं उराशी धरून बसली होती. ती त्या लांबच्या माणसांना लोहाऱ्याला का पाठवत होती, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. औषध अजून आक्काकडं आहे म्हटलं तर तिचा नकार बरोबर ठरत होता. औषध परत आपल्या हातात आलंय असं मानलं, की ते तेव्हाही हातात घेता आलं असतं, हे मानावं लागत होतं.

"मावशी, शीर फुटली तर रसानं काय झालं नसतं ओ," बाई हळूच म्हणाली. मीही हेच म्हणाले असते.

"मला बी ठावं हाय," आई म्हणाली. "वाचली नसती. मला ठावं न्हाय व्हय? पण घालायला काय झालं व्हतं मला?"

फाटकाशी नवरा मोबाइल बघत उभा होता. मग त्या बाईनं डोक्याची ओढणी सोडली, गुंडाळून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मला घाला, मावशी."

"लागायचं न्हाय गं. सांगितलं की."

"न लागू द्या."

आईनं तिच्याकडं बघितलं. मग मान वळवून दाराकडं, माझ्याकडं. "बांधावरनं आण जा," म्हणाली. "कोणता ते तुला ठावं हाय."

मी पायात चप्पल न घालताच गेले. आंघोळ झाली नव्हती, ऊन चढलं होतं, नेमाचं काहीच राहिलं नव्हतं. मूठभर पाला खुडून आणला. आईनं तो तळहातावर चोळला. हात इतका कापत होता की मी तिचं मनगट धरलं. बाईचं डावं दुखत होतं, म्हणून उजव्या कानात आईनं रस पिळला. थोडा कानात गेला, बराचसा गालावरून मानेवर ओघळला. डाव्या हातानं आईनं तिची हनुवटी धरली होती. बाईनं डोळे घट्ट मिटले. मग त्यांतून पाणी आलं.

"कसं वाटतंय?" आईनं विचारलं.

"बरं वाटतंय मावशी," ती म्हणाली. इतक्या लवकर कुणाला काय बरं वाटणार? पण ते खोटंही वाटत नव्हतं. तिचे खांदे सैल झाले होते आणि आईच्या हातावरचं डोकं ती उचलत नव्हती.

आई हिरवा झालेला तळवा तसाच धरून माझ्याकडं वळली.

"तिला बी वाटलं असतं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शीर, सोलापूरचे डॉक्टर, आधीच झालेला उशीर, सगळं माझ्या ओठांवर होतं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण तिनं आक्का वाचली असती का, हे विचारलं नव्हतं. आणि मला ती हनुवटीखालची बोटं माहीत होती.

"व्हय," मी म्हणाले. "वाटलं असतं."

आईनं मान हलवली. मग ती त्या परक्या बाईच्या डोक्यावर डोकं टेकून रडायला लागली, मोठ्यानं, शेजारच्या बायका धावत याव्यात इतक्या मोठ्यानं, आणि त्या आल्याही.